आधी थैला उलटा कर

आमच्या नवेगाव बांधच्या दामूभाऊंच्या मेडिकलमध्ये औषध मागितलं, की ते आधी तुमचा थैला काउंटरवर उलटा करायला लावत. वांगी, पासबुक, पोराची चप्पल, सगळं बाहेर! "आधी काय काय खाऊन राहिली ते दाखव, मंग माझं देतो." गिऱ्हाईक पळवून लावायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. तरी गाव त्यांच्याकडेच जायचं.

मी शाळेत शिकवते. मन सारखं उदास म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेव्हा दुकान रिकामं होईपर्यंत मी थांबायची आणि चिठ्ठी गुपचूप पुढे सरकवायची. लोक वेडी म्हणतील ना! दामूभाऊ मात्र ओरडायचे, "जोरानं बोल ना बाई, चोरीचा माल हाये का?"

दोन महिन्यांनी जरा बरं वाटू लागलं. तेवढ्यात बहिणीनं मोबाइलवरून मन प्रसन्न ठेवणाऱ्या वनस्पतीच्या कॅप्सूल मागवून दिल्या. झाडपाल्याचं तर आहे, म्हणून मी शहाणी दोन्ही घेऊ लागले. चार दिवसांत हात थरथरायला लागले. घाम, जुलाब, छातीत धडधड. मला वाटलं, गोळीच बाधली. ती कायमची बंद करते, असं ठणकावून सांगायला दुकानात गेले.

"थैला उलटा कर."

कॅप्सूलची डबी घरंगळत बाहेर आली. भिंगातून बारीक अक्षरं वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"हे काऊन खाऊन राहिली?"

"झाडाचं आहे, भाऊ."

"धोतराबी झाडच हाये! खाते का? तुही गोळी जे काम करते, तेच हे करते. दोघं मिळून जीव घेतीन!"

भर दुपारी शटर ओढून त्यांनी मला स्कूटरवर दवाखान्यात नेलं. वाटभर शिव्या दिल्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि दोन दिवस ठेवून घेतलं. कॅप्सूल सुटल्या. गोळी पुढे डॉक्टरांनीच पुन्हा सुरू केली, आणि मी सावरले.

गेल्या वर्षी दामूभाऊ स्वतःच दवाखान्यात भरती झाले. मी डबा घेऊन गेले. बदला घ्यायची अशी संधी कोण सोडतं? म्हटलं, "भाऊ, थैला उलटा करा!"

हसत हसत त्यांनी केला. चष्मा, टॉवेल, आणि मी घेते तीच गोळी.

"आठ वर्सं झाली," ते अगदी हळू म्हणाले. "घरी बीपीची सांगतो."

मला रडूच आलं.

ते गेले. आता काउंटरवर त्यांची सून बसते. ती कुणाला थैला उलटा करायला लावत नाही. मी आपणहून करते. आणि तेही बाजाराच्या दिवशी, भरल्या दुकानात. मग जोरानं म्हणते, "माझी उदासीची गोळी दे गं!"