शिडीची मान आणि मॉनिटरचा हात

त्याला सगळे शिडी म्हणत. शाळेत नाव पडलं ते पडलंच. पुढे घरांचे आराखडे काढायच्या नोकरीला लागला, तर तिथे एक जुना वर्गमित्र आधीच बसलेला, त्यामुळे स्वारी पोहोचायच्या आत नाव टेबलावर हजर! नंतर नोकरी सुटली, घरी बसून तो स्वतःची कामं घेऊ लागला, पण नाव काही सुटलं नाही.

उंच माणसाचं दुःख बाकीच्यांना गमतीचं वाटतं. फोटोत मागे उभं करतात आणि वरून डोकं छाटतात. दुकानात अनोळखी बायका वरच्या फळीवरचा डबा काढून मागतात. शिडीने यावर फार पूर्वीच एक तोडगा काढला होता, वाकायचा. समोरचा जितका बुटका, तितकं जास्त वाकायचं. वाकून वाकून त्याची पाठ प्रश्नचिन्हासारखी झाली होती आणि हळूहळू स्वभावही तसाच. गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं की "चालेल ना, तुम्ही म्हणाल तसं," हे त्याचं पालुपद.

बायको नेमकी उलट. उंची त्याच्या कोपरापर्यंत, आवाज छपरापर्यंत. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि टाइप करायचे, हे तिचं काम. घरात कॉम्प्युटर एक, मोठा पडदा एक आणि टेबलही एकच. सकाळ तिची, दुपार त्याची.

भांडणाचं मूळ तिथेच होतं. तिला पडदा खाली लागे, त्याला वर. म्हणून दुपारी तिने खुर्ची सोडली, की शिडी पडद्याखाली दोन जाडजूड शब्दकोश आणि त्यावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा रचायचा. संध्याकाळी उतरवायचं त्याच्या लक्षात राहत नसे. सकाळी ती येऊन बसली, की मान वर करून देवदर्शन घेतल्यासारखी पडद्याकडे बघे आणि आतून हाक येई, "अहो! तुमचा मनोरा उतरवा आधी!"

एके दुपारी हा मनोरा स्वतःच उतरला. शिडीने पेन्सिल घ्यायला हात लांबवला, कोपर डब्याला लागलं, डबा सटकला आणि पडदा पुढे झेपावला. त्याने तो छातीवर झेलला. पडद्याला ओरखडासुद्धा आला नाही, पण मानेत कट्‌कन आवाज झाला आणि मान डावीकडे वळली ती तिकडचीच होऊन बसली.

"हे आजचं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई मान चाचपत म्हणाल्या. "वर्षानुवर्षं वाकताय. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. तुम्ही पडद्याकडे जायचं नाही, पडद्याने तुमच्याकडे यायला हवं."

"आणि माझ्याकडे?" बायकोने लगेच विचारलं.

"तुमच्याकडेही. टेबलाला बसवायचा मॉनिटर आर्म मिळतो, तो घ्या. वर-खाली, पुढे-मागे, हवा तसा फिरतो."

मान जराशी सैल होताच दोघं दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "पडद्याचं वजन किती? मागे चार भोकं आहेत का? टेबलाची फळी किती जाड?"

लोकांच्या घरातली भिंत न् भिंत शिडीला इंचात पाठ होती, पण स्वतःचं टेबल त्याने कधी मोजलंच नव्हतं.

"चला परत," बायको म्हणाली. "लोकांची घरं उभी करता नि आपलं टेबल माहीत नाही!"

घरी आल्यावर शिडी पडदा कवेत घेऊन वजनकाट्यावर उभा राहिला, मग पडदा ठेवून एकटा. वजाबाकी झाली. भोकं सापडली. फळी मोजली. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने त्याला टेबलापाशी खुर्चीवर बसवून, दुकानातला पडदा लावून एकेक आर्म दाखवला. पहिला अगदी वर नेला तरी पडदा हनुवटीपाशी अडकला. दुसऱ्याचीही तीच गत.

"साहेब, तुमच्यासाठी छताला टांगायची सोय करावी लागेल," दुकानदार म्हणाला.

"चालेल ना, यातलाच एखादा..." शिडी सवयीने बोलून गेला.

"चालणार नाही!" बायको म्हणाली. "मान कुणाची दुखते, यांची की तुमची? अजून दाखवा."

मग आतल्या खोलीतून उंच खांबाचा, स्प्रिंगवाला आर्म बाहेर आला. खांबामुळे तो शिडीच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला आणि स्प्रिंगमुळे एका बोटाने तिच्या डोळ्यांपर्यंत उतरलाही. घरच्या पडद्याचं वजनही त्याला झेपणारं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरलं.

आर्म बसवायच्या दिवशी बायकोचा थोरला भाऊ आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण पेचकस निघालेल्या घराचा वास दादाला चार गल्ल्या पलीकडून येई.

"जावईबापू, तुम्ही फक्त धरा. बाकी माझ्यावर सोपवा."

आर्मचा क्लॅम्प, म्हणजे कड पकडणारा शिकंजा, टेबलाच्या मागच्या बाजूला लावायला गेले, तर फळीखाली लोखंडी पट्टी आडवी आली. शिवाय मागे भिंत, म्हणजे आर्मचं कोपर दुमडायला जागा नाही.

"भोक पाडू," दादा म्हणाला. "ड्रिल गाडीत आहे."

"खबरदार माझ्या टेबलाला भोक पाडलंस तर!" बहीण कडाडली.

शिडीने कागद घेतला आणि आपल्याच खोलीचा आराखडा काढला. खिडकी, दार, कपाट, टेबल. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. टेबल भिंतीपासून सोडवून खिडकीशी आडवं लावलं, तर आखूड कड मोकळी होत होती. त्या कडेखाली पट्टी नव्हती आणि आर्मला पसरायला ऐसपैस जागा होती. फळी दाबलेल्या भुशाची, क्लॅम्पने चेपली जाईल म्हणून वर-खाली लाकडाचे चपटे तुकडे द्यायचं त्याने ठरवलं.

"बघा बुवा, चालत असेल तर," तो म्हणाला.

"चालतंय काय, पळतंय!" बायको म्हणाली आणि टेबलाची एक बाजू स्वतःच उचलू लागली.

क्लॅम्प घट्ट बसला. खांब उभा राहिला. आर्म दुमडून एका जाड पट्ट्याने बांधलेला होता. शिडी माहितीपत्रक वाचत होता, 'पडदा जोडण्यापूर्वी हा पट्टा...' आणि तेवढ्यात दादाने कात्री चालवली.

"अहो, दादा, थांबा!"

आर्म फणा काढल्यासारखा उसळला. दादाच्या नाकावरचा चष्मा उडाला आणि पडद्याच्या चुणीत जाऊन लटकला. म्हणजे खिडकीच्या पडद्याच्या. कॉम्प्युटरचा सुखरूप पलंगावर पहुडला होता. दादा क्षणभर डोळे मिचमिचवत उभा राहिला. नाक चाचपून पाहिलं, जागच्या जागी होतं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," बहीण म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले. त्यानंतर दादाने खरोखरच फक्त धरायचं काम केलं.

आर्म खाली दाबून धरला, पडद्यामागच्या चार भोकांत स्क्रू बसले. हात सोडला तर पडदा पेंगणाऱ्या माणसासारखा हळूहळू खाली झुकला. शिडीने सोबत आलेल्या षटकोनी किल्लीने स्प्रिंग आवळली. आता तो चोरपावलांनी वर चढू लागला. थोडी सैल केली, पुन्हा थोडी आवळली. अखेर पडदा ठेवला तिथे ठेवल्यासारखा राहिला. बायकोने तो खाली ओढला, राहिला. शिडीने वर ढकलला, राहिला.

"बसा आता," ती म्हणाली. "ताठ."

तो बसला. पडद्याची कड डोळ्यांच्या रेषेत आली. पाठ पहिले काही दिवस कुरकुरली. तिला ताठ राहायची सवयच नव्हती. मग कुरकुर थांबली आणि बाजारात ओळखीचे लोक विचारू लागले, "अरे, तू अजून उंच झालास की काय?"

टेबल हलल्यामुळे खिडकीशी एका स्टुलाची जागा निघाली होती. शिडी काम करत असला, की बायको दोघांचा चहा घेऊन तिथे टेकू लागली. इतकी वर्षं एकाने उठायचं नि दुसऱ्याने बसायचं. कोण काय करतं ते दुसऱ्याला ऐकूनच ठाऊक. आता पडदा नुसता तिच्याकडे वळवला की झालं. ती एकदा बशीत चहा ओतता ओतता थबकली.

"हे काय आहे?"

"स्वयंपाकघर. गिऱ्हाइकाला दार या बाजूला हवंय."

"मग दार उघडलं की थेट शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीत! हातात उकळतं भांडं असलं तर?"

शिडीने निरखून पाहिलं. खरंच की. गिऱ्हाइकाला त्याने नेहमीच्या तोंडाने 'चालेल ना' म्हणून टाकलं होतं.

त्याने फोन लावला. बायको बशी हातात धरून ऐकत राहिली.

"नमस्कार. ते दार आहे ना, स्वयंपाकघराचं... नाही, चालणार नाही. हो, तुम्ही सांगितलं होतंत. तरी नाही चालणार. भाजेल कुणीतरी." मग बराच वेळ पलीकडचा आवाज घुमत राहिला. शिडीचे कान लाल झाले, पण खुर्चीतली पाठ जराही वाकली नाही. "बरं, मी दोन्ही आराखडे काढून पाठवतो. घरात जी स्वयंपाक करते तिला दाखवा आणि मग ठरवा."

फोन ठेवून त्याने मोठा श्वास सोडला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बायकोला विचारून सांगतो."

"मग दार हललंच म्हणून समजा," ती म्हणाली आणि त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला उठली.