सेमिनरीला मराठीत काय म्हणायचं?

पॉटलकच्या अंगतपंगतीत उरलेली भाजी डब्यांतून घरोघरी जाते, तसे अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी ग्रुपमधले किस्से फिरतात. प्रत्येक घरी त्यांना नवी फोडणी बसते. गेल्या वर्षभरातले बरेचसे एकाच शब्दावरून झालेत. आम्ही हसतो, पण हल्ली सुहास समोर नसला तरच.

*

सुहास आणि मेधा आमचे शेजारी. सुहास कारच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी केतकी इथेच जन्मलेली, फार्मसीत चांगल्या नोकरीला. एका रविवारी तिचा फोन आला, "आई, आय ॲम जॉइनिंग अ सेमिनरी."

मेधाला ऐकू आलं सेमिनार! "जा की. किती दिवसांचं आहे? जॅकेट घे हं."

"थ्री इयर्स, आई."

सेमिनरी म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, हे मेधाला गूगलने सांगितलं. केतकीला पाद्री व्हायचं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये घाबरलेल्या माणसांजवळ बसून त्यांना धीर द्यायचा, असं एक काम असतं, ते तिला करायचं होतं आणि त्याचं शिक्षण सेमिनरीत मिळतं. सुहासने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणंच टाकलं.

*

मग आमच्याकडे जेवताना चर्चा, याला मराठीत म्हणायचं काय? कोणी म्हणालं वेदपाठशाळा. कोणी म्हणालं मठ. माझ्या नवऱ्याने, विनयने, फोनवर शोधलं. "मूळ लॅटिन शब्द आहे. अर्थ रोपवाटिका. म्हणजे नर्सरी!"

"वा!" सुहास म्हणाला, "एवढं शिकवलं, आणि पोरगी परत नर्सरीत!"

आम्ही खो खो हसलो. मेधा ताट घेऊन किचनमध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

*

दिवाळीच्या कार्यक्रमाला केतकी आली. बाप हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. ग्रुपमधल्या शोभाकाकूंनी तिला गाठून हळूच विचारलं, "काय गं, बाटलीस का?"

"बाटली? नो काकू, आय डोन्ट ड्रिंक!"

मी अर्थ सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी हिंदूच आहे, काकू. माझ्या क्लासमध्ये एक मुस्लिम मुलगा पण आहे, ही केम फ्रॉम अ मदरसा. तो म्हणतो, मदरसा जस्ट मीन्स स्कूल."

काकूंनी तिच्या हातात आणखी एक करंजी ठेवली.

*

मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की सुहास तुटकपणे म्हणायचा, "हॉस्पिटलमध्ये असते." ग्रुपमध्ये नवीन आलेल्या कुलकर्ण्यांनी हे ऐकलं, आणि संध्याकाळी मऊ भात, मेतकूट आणि फुलं घेऊन दारात हजर! "आता कशी आहे तब्येत?"

मेधा म्हणते, तो भात सुहासने एकट्याने बसून खाल्ला.

*

या मार्चमध्ये नागपूरहून आलेले माझे बाबा इथे आजारी पडले. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणाशी ते मरणाचं बोलत नव्हते. नर्सने विचारलं, आमच्याकडे ट्रेनिंगला एक मराठी मुलगी आहे, पाठवू का?

केतकी आली तेव्हा सुहास माझ्यासाठी डबा घेऊन आला होता. तिला बघून तो दाराबाहेरच थांबला. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर मी होते. ती पलंगाशी उभी राहिली.

बाबांनी डोळे उघडले. "कोणाची गं तू?"

"सुहासची."

"डॉक्टर आहेस?"

"नाही, आजोबा."

"मग काय करतेस?"

ती मराठी शब्द शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "मी... बसते."

बाबांनी तिला खालून वरपर्यंत पाहिलं. "मग उभी का?"

बाहेर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. सुहास कॉरिडॉरमधली खुर्ची उचलून आत आला, आणि ती त्याने तिच्यामागे ठेवली.

"बस, बाळा," तो म्हणाला.