चिंचेने धुतलेली पोवळी

चिंचेच्या कोळाचा आंबट, ओलसर दरवळ आला की मला समुद्र आठवतो. उभा जन्म गंगाखेडात काढलेल्या आणि चैत्रात घोट्याएवढ्या उरलेल्या गोदावरीलाच अथांग म्हणणाऱ्या माणसाने हे सांगावे, म्हणजे हसण्यासारखेच आहे.

दुष्काळानंतरच्या त्या चैत्रात नौदलात पाणबुड्या असलेला माझा मेहुणा सुट्टीवर आला आणि त्याने सुमीच्या ओंजळीत प्रवाळाचे दोन फिकट तुकडे ठेवले. एक समुद्रतळीच्या जुन्या खडकावरचा, दुसरा बुडालेल्या बोटीच्या लोखंडावर वाढलेला. "खडकावर नाना जातींची पोवळी सावकाश दाटतात, दाजी, लोखंडावर एखादीच जात भराभर धरते."

"मग लोखंडावरचं खोटं का, मामा?" सुमीने विचारले.

सुमी म्हणजे बाळंतपणात गेलेल्या माझ्या मेहुणीची लेक. पाळण्यात असल्यापासून आमच्याकडे. वालूरला दुसरा संसार थाटलेले तिचे वडील, माझे साडू, नेमके त्याच आठवड्यातल्या रविवारी तिला न्यायला येणार होते. मेहुण्याच्या हिशेबाने जन्मदाते साडू म्हणजे खडक आणि मी म्हणजे बुडालेली बोट! बायकोला ही उपमा जरा जास्तच लवकर पटली. पण हसता हसता तिचे डोळे भरून आले.

जीव रमवायला म्हणून तिने सणाआधी देव घासावेत तशी ती पोवळीही चिंचेने घासली. त्यांवर बारीक फेस आला, आणि ज्यावरून बोटीचा तुकडा ओळखू यायचा तो गंजाचा तांबूस डाग कोळाबरोबर वाहून गेला.

"आता यातलं कोणतं कोणतं?" मी बायकोला विचारले.

"तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

रविवारी साडू आले. सुमीने दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "काका, लोखंडावरचं ओळखा." त्या 'काका'पाशी ते क्षणभर अडखळले, मग उन्हात धरून, उलटेपालटे करून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"न्हाई, कळंना गं, माय."

चहा निवून गेला. परभणीच्या एस.टी.ची वेळ झाली तसे ते उठले आणि न्यायचा विषय न काढता एवढेच म्हणाले, "यातलं एक मला देतीस का?" सुमीने डोळे मिटून एक दिले. ते त्यांनी रुमालात बांधले.

सुमी राहिली. का राहिली, ते मला अजून नीट उमगलेले नाही. उरलेले पोवळे आमच्या देव्हाऱ्यात आहे. खडकावरचे की लोखंडावरचे, म्हणून मी कधीमधी ते उन्हात धरतो. आणि तिकडे वालूरलाही कुणी असेच धरून पाहत असेल, या विचाराने घाईघाईने परत जागेवर ठेवतो.