खोबरेल प्यायलेली फटफटी

लवू तोरसकर तुम्हाला कधी भेटला तर एक पथ्य पाळा. त्याच्यासमोर ‘बिघडलंय’ हा शब्द काढू नका. घड्याळ, स्टो, इस्त्री, काहीही असो, लवू ते उघडतो. उघडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कांजूरमार्गात कोणी नाही. बंद करण्याचं म्हणाल, तर माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा अजून त्याच्या डब्यात पडलेला आहे आणि आमचं घर नुसत्या लहान काट्यावर अंदाजाने चाललंय.

लवू परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संपात गिरणी सुटली आणि तो आमच्याच बाजूच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायला लागला. पण स्वतःला म्हणवतो अजून ‘मशीनवरचा माणूस’. गिरणी सुटली त्याच वर्षी त्याने ती जुनी फटफटी घेतली. कामावर जायला नव्हे हं! कारखाना इतका जवळ की भोंगा झाल्यावर घरून निघालं तरी चालतं. फटफटी घेतली ती जानकीला, म्हणजे बायकोला, मागे बसवायला. लग्नात वरात निघाली ती कुणाकडून तरी मागून आणलेल्या बैलगाडीतून, आणि बैल वाटेत बसला. ते त्याच्या मनातून जात नव्हतं. आता दर रविवारी संध्याकाळी जानकी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून मागे बसायची, दोघं भांडुपच्या बाजारात जाऊन यायची, आणि परत येताना लवू मुद्दाम चाळीला एक जादा फेरी मारायचा.

गणपतीच्या दिवसांत वाट लागली.

दोष तसा कुणाचा नव्हता. फटफटीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी नळ्या असतात, आत स्प्रिंग आणि तेल. चाक खड्ड्यात गेलं की नळी दबते आणि आपले दात वाचतात. तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबराची कडी बसवलेली असते, तिला ऑइल सील म्हणतात. लवूच्या दोन्ही कड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. तेल झिरपत झिरपत ब्रेकात उतरलं, भर बाजारात लवूने ब्रेक दाबला, गाडीने ऐकलं नाही आणि जानकी थेट भाजीवाल्याच्या वांग्यांवर जाऊन बसली. वांगी वाचली नाहीत. जानकी वाचली, कपाळावर एका वांग्याएवढंच टेंगूळ घेऊन.

टेंगूळ बघायला तिचा धाकटा भाऊ काशीराम अंधेरीहून आला. त्याने तिकडे नवा ब्लॉक घेतलाय, हे तो पाणी मागतानाही सांगतो. म्हणाला, “ताई, माघात वास्तुशांत आहे. रिक्षाने ये. भावोजींच्या त्या गाडीवरून आलीस तर दारातून परत पाठवीन.”

लवूचा चेहरा पडला. त्याला वाटलं, जानकी काहीतरी बोलेल. ती बोलली, पण नवऱ्यालाच.

“ह्यो तेलकट घोडो सुधारल्याशिवाय मी बसूचंय नाय.”

झालं. मागची सीट रिकामी. लवू रोज सकाळी ती फडक्याने पुसायचा, जसा कुणी देवाचा चौरंग पुसावा. एकदा मला म्हणाला, “चल रे, भांडुपापर्यंत सोडतंय.” मी म्हटलं, “नको बाबा, मला वांगी आवडत नाहीत.”

“गॅरेजात टाक ना मग,” मीच पुढे म्हटलं.

“मागे टाकललंय. एक आरसो कमी घेवन परत इली. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात देवची नसता.”

“बायको तर भाजीवाल्याला दिलीस!”

त्यावर तो फडकं झटकून घरात गेला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मात्र लवूच्या ओट्यावरून ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतो तर फटफटीचं तोंड जानकीच्या जुन्या साडीत घालून ओट्याच्या आढ्याला टांगलेलं, पुढचं चाक खाटेवर निजवलेलं, आणि दोन्ही नळ्या पाटावर शेजारी शेजारी. पलीकडची शकु पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती झोळी बघून थांबली.

“काय गं जानकी, मुलगा की मुलगी?”

“फटफटी,” जानकी म्हणाली. “आणि साडी माझी. न इचारता घेतलेली.”

लवूचं लक्षच नव्हतं. नळीच्या तोंडात तारेची कडी अडकवलेली होती, ती त्याने जानकीच्या केसातल्या आकड्याने काढली. जुनं सील निघेना, ते नारळ खवायच्या खवणीने उपटलं. नवं सील सरळ आत बसायला हवं, तिरकं गेलं की संपलं. तर त्यावर जुनं सील ठेवलं, त्यावर पाइपाचा तुकडा, आणि गावच्या रवळनाथाचं नाव घेऊन वरून वरवंटा. खोटं कशाला बोलू, सीलं अगदी सरळ बसली. मलाच वाईट वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं की नवी सीलं आणली, पण तेल आणलेलंच नाही. रविवार, दुकान बंद. लवू डोकं खाजवत घरात गेला आणि येताना त्याच्या हातात सासूने मालवणहून पाठवलेला घाण्याच्या खोबरेलाचा डबा होता. जानकी तेव्हा नळावर.

“लवू, अरे हे डोक्याला लावायचं!”

“माणसाच्या सांध्यांक चलता, ता गाडयेच्या सांध्यांक चलूचा नाय?”

यावर काय म्हणायचं? तुम्हाला सुचलं तर कळवा.

अर्धं नळ्यांत गेलं, अर्ध्याने गाडीला अभ्यंग झालं. पण फटफटी अशी झकास चालायला लागली की खड्डा आला ते कळेना. मुंग्या लागायच्या, तेवढं सोडा. चाळीतली कुत्री येऊन चाक चाटायची. गाडी गेली की बायका विचारायच्या, “कोण गं न्हालं?”

जानकीने अट घातली. माघापर्यंत एक थेंब गळला तर वास्तुशांतीला रिक्षा. लवू रोज रात्री चाकाखाली वर्तमानपत्र पसरायचा आणि सकाळी मला उठवून दाखवायचा. “बघ, थेंब आसा?” नसायचा. असा मी गाडीखालचा पेपर रोज वाचला, तोही शिळा.

आणि वास्तुशांतीच्याच दिवशी थंडी पडली. मुंबईत थंडी म्हणजे काय, आम्ही कानटोप्या घालून एकमेकांना ‘काय थंडी रे’ म्हणतो, एवढीच. लवू इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत आला, हँडल धरून गाडी दाबली. गाडी दबेना. पुन्हा दाबली. मी आणि शेजारचा एक धरून तिघांनी मिळून दाबली. पुढचं चाक म्हणजे जणू जात्याचा खुंटा!

“सांधे धरले,” लवू पुटपुटला. “आता रिक्षा.” आणि रिकाम्या सीटवरून हात फिरवत राहिला.

तेवढ्यात जानकी बाहेर आली. जरीची साडी, एका हातात खोबरेलाची बाटली. थंडी पडली की ती बाटली गरम पाण्यात बुडवते, तेल गोठतं ना! तिने पांढऱ्या बाटलीकडे बघितलं. मग गाडीकडे. मग नवऱ्याकडे.

“ओ. तुमी ह्यात काय घातलात?”

लवूने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

“आयेचा तेल? तरीच डबो रिकामो!” दसऱ्यापासून ती शकुवर संशय घेऊन होती आणि शकु माझ्यावर.

मला वाटलं, आता संपलं. पण जानकी पदर खोचून मला म्हणाली, “भावजी, तुमची किटली आणा. गरम पाण्यान भरून.”

गुडघ्याला शेक देतात तसा तिने दोन्ही नळ्यांना पंचा गुंडाळून शेक दिला. हळूहळू गाडीने मान हलवली. जानकी मागे बसली! एक हात लवूच्या खांद्यावर, दुसऱ्यात माझी वाफाळती किटली.

वास्तुशांतीचं बोलावणं मलाही होतं, मी बसने निघालो. पवईच्या तलावाशी खिडकीतून बघतो तर एका टपरीसमोर फटफटी उभी, जानकी तिच्यावर किटली ओतत्येय आणि लवू चहावाल्याकडे आणखी पाणी मागतोय. कंडक्टर म्हणाला, “आयला, गाडीला चहा पाजतायत!” साकीनाक्यालाही तेच झालं असणार, कारण अंधेरीला मी आधी पोचलो.

ती दोघं आली तेव्हा काशीराम दारातच होता. आधी बहिणीचं कपाळ बघितलं. टेंगूळ नाही. मग वाकून नळीवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

“खोबरेल? भावोजी, गाडीची चंपी करता काय!”

पाहुणे खो खो हसले. लवूने मान खाली घातली. तेवढ्यात आतून काठी वाजली. लवूची सासू, मालवणहून आलेली.

“कोण हसता माझ्या तेलाक?”

हसणं थांबलं.

“काश्या, जलमभर ह्याच तेलान तुझा डोक्या चोळलंय. खंय आसत केस? ह्या गाडयेक तरी गुण इलो.”

काशीरामने टोपी सारखी केली आणि भटजींना काहीतरी विचारायला आत पळाला.

जेवणं होईपर्यंत उन्हं तापली. फटफटी आपली आपण मऊ झाली होती. म्हातारीने तिला दोनदा दाबून बघितलं, काठी माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर चढून बसली. “चल रे जावया. माझा तेल कसा पळता ता बघतंय.”

लवू खुलला. किक मारायला पाय उचलला, इतक्यात जानकी बाहेर आली.

“आये, उतर.”

“कित्या गो?”

“ती जागा माझी आसा.”

“पाच म्हयने रिकामी होती, असा आयकलंय.”

“होती,” जानकी म्हणाली. “आता नाय.”

म्हातारी उतरली, माझ्या हातातून काठी घेतली आणि तोंडाला पदर लावून हसली. जानकी बसली, हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. लवूने काशीरामच्या बिल्डिंगला एक जादा फेरी मारली. मग दुसरी. गच्चीतून काशीराम टोपी धरून बघत होता.

उन्हात गरज नव्हती, तरी किटली जानकीच्या मांडीवरच होती. किटली माझी. अजून परत आलेली नाही. घड्याळाचा काटा एक वेळ मागेन, पण किटली, थंडी सरेपर्यंत, मागायची तरी कुठल्या तोंडाने?