काकूच्या कानातली वायर

माझ्या काकांना ऑर्केस्ट्रातली मंडळी बटणराव म्हणायची. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, वाजवणाऱ्याला निदान पाठीवर थाप मिळते. पडद्याच्या आडोशाला बटणांच्या टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाची आठवण मात्र स्पीकर किंचाळला की होते. मग सगळं सभागृह माना वळवून त्याच्याकडे असं बघतं, जणू त्याने कुणाचा खिसा कापलाय. काकांनी उभा जन्म त्या नजरा झेलल्या आणि घरी येऊन गाढ झोपले. मला दुकानदार वाकडं बोलला तरी दोन दिवस अन्न गोड लागत नाही.

लोकांना बाहेर काय ऐकू जातं ते दुसरा माणूस बघायचा. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज सापडत नाही. तो त्याच्या कानापर्यंत पोचवायचा, हे काकांचं काम. आणि गाणारी कोण, तर माझी काकू. आधी ओळख झाली की आधी भांडण, यावर त्या दोघांचं कधी एकमत झालं नाही.

गाणं चालू असताना बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांवर. बोट वर, म्हणजे वाढवा. बोट खाली, कमी करा. गळ्याला बोट लावलं, म्हणजे माझा आवाज. आणि पंजा उघडून आडवा धरला, म्हणजे छान आहे, आता कशाला हात लावू नका. बाकीचे गायक कधी ना कधी तो पंजा दाखवायचे. काकूने तो कधी दाखवला नाही. घरीही तेच. पंखा थोडा जोरात, चहा जरा गोड, पडदा अजून ओढा. "तुझ्या काकूला देवाने तळहात दिलेच नाहीत," काका मला म्हणायचे, "नुसती बोटं दिली." त्यावर काकू म्हणायची, "काम चोख झालं की दाखवीन."

पुढे कानात घालायचे इवलेसे स्पीकर, म्हणजे मॉनिटर आले, प्रत्येकाच्या कानाचा साचा घेऊन बनवलेले. माझे आई-वडील नोकरीसाठी दूर असायचे आणि मी काका-काकूंकडेच वाढत होते, त्यामुळे साचा द्यायला गेलो तेव्हा शाळा बुडवून मीही सोबत होते. कानात गुलाबी लगदा भरणाऱ्या बाईंना काकांनी बजावलं, "तोंड मिटून साचा घेऊ नका. गाताना तोंड उघडतं, तेव्हा कानाच्या आतला आकार बदलतो." मग काकूच्या दातांत लाकडी ठोकळा दिला आणि लगदा घट्ट होईपर्यंत ती आ करून बसून राहिली. काका समोर हाताची घडी घालून बसले आणि तेवढ्या वेळात त्यांनी घरातले सगळे वाद एकतर्फी निकालात काढले. काकू नुसती डोळे वटारत होती. हसून हसून माझं पोट दुखलं. तसं हसू मला पुढे कुठे मिळालं नाही, माझ्या स्वतःच्या घरातही नाही.

मॉनिटर आले तेव्हा त्यांची वायर काकांनी स्वतः लावली. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते काकूच्या मागे उभे राहून ती तिच्या कानांवरून मागे घ्यायचे आणि मानेपाशी सरळ करायचे. एखादा केस ओढला गेला की काकू ओरडायची. त्या वेळी मला ते दोघं फार कंटाळवाणे वाटायचे. आता डोळ्यांपुढे येतात ते तसेच, एकामागे एक उभे.

मग ऑर्केस्ट्रा बंद पडला. जन्मभर स्पीकरशेजारी उभं राहिल्याचं उट्टं काकांच्या कानांनी काढलं. त्यांना ऐकू येईनासं झालं. यंत्र आणून दिलं तर ते शर्टाच्या खिशात घालून फिरायचे. "सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं. त्यापेक्षा शांतता बरी," म्हणायचे, आणि खिडकीशी बसून काकूच्या ओठांकडे बघत राहायचे. काकू दिवसभर काहीतरी गुणगुणत असायची. कोणतं गाणं आहे ते काकांना ओठांवरून कळायचं.

यंदा जुन्या मंडळींनी एक शेवटचा कार्यक्रम ठरवला, म्हणून मी काकूकडे राहायला आले. काकूने कपाटातून मॉनिटरची डबी काढली. मॉनिटर ठणठणीत होते, पण वायर कानामागच्या वळणावर घामाने हिरवी पडून काडीसारखी ताठ झाली होती. मान वळवली की खरखर. मी नवी मागवली, चार पदरांची विणलेली, चांदीच्या रंगाची, हाताला मऊ. तालमीच्या दिवशी सभागृहातला दाढीवाला ऑपरेटर जुनी काढायला गेला तर ती वळणावरच तुटली. नवी त्याने आधी स्वतःचे मॉनिटर जोडून ऐकून पाहिली, "एक नंबर!" म्हणाला आणि मग काकूच्या मॉनिटरमध्ये खोचून दिली. काकांना कुणी विचारलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाजातलं काय विचारायचं, असं आमचं शहाणपण.

काकू पहिल्याच कडव्यात थांबली. गळ्याला बोट, मग बोट वर. ऑपरेटरने वाढवलं. पुन्हा बोट वर. जितकं वाढवावं तितका तिचा चेहरा उतरत गेला.

"बाकी सगळं लख्ख ऐकू येतंय," ती म्हणाली. "मीच नाही त्यात. माझा आवाज पोकळ झालाय."

खाली खुर्च्यांत बसलेल्या आम्हाला तो पहिल्यासारखाच भरदार ऐकू येत होता. तसं सांगितलं, तर तिला ती दया वाटली. घरी आल्या आल्या तिने आयोजकांना फोन लावला आणि उद्यासाठी दुसरी गायिका बघा म्हणून सांगितलं.

"अगं, वायर बदललीय, गळा नाही बदलला!" मी चिडून म्हणाले. "आत्ता इथे गाऊन बघ."

"घरात गुणगुणायला गळा लागत नाही," काकू म्हणाली. "गेला माझा आवाज. तुम्ही तोंडावर बोलत नाही, एवढंच."

आणि खरोखरच ती गप्प झाली. भाजी निवडताना गप्प, कपडे घड्या घालताना गप्प. घराची अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला भीती वाटली.

संध्याकाळी काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "हिचे ओठ हलत नाहीत आज," ते म्हणाले. "काय झालंय?"

मी सांगायला लागले, तर त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबी आण. तुटकी वायरही आण."

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून जुन्या वायरचं टोक उजेडात धरलं. त्यावर लाल ठिपका होता. मॉनिटरवरही तसाच एक.

"काकूचं नेलपॉलिश सांडलंय ते," मी म्हणाले.

"सांडलं नाही, मी लावलंय. ठिपक्याला ठिपका भिडवायचा." मग त्यांनी नवी वायर उपटली. तिच्या टोकाला दोन बारीक पिना होत्या. टोक गोल फिरवून त्यांनी पिना उलट्या बाजूने खोचल्या. दुसऱ्या कानाचंही तसंच केलं.

"अहो, हे उलटं झालं!" काकू दारातून म्हणाली.

"तुझ्यासाठी उलटंच लागतं." काका तिच्याकडे वळले. "आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो. एक या वायरमधून, एक आतून, हाडांतून. एकाच दाराला दोघांनी एका बाजूने रेटा दिला तर दार उघडतं. समोरासमोर उभं राहून रेटलं तर जागचं हलत नाही. कंपनीने सांगितल्याप्रमाणे वायर लावली की तुझे दोन आवाज समोरासमोर येतात. ऑपरेटरला ते कसं कळणार? गाणं त्याच्या हाडांत नाही."

"ऑपरेटरच्या टेबलावर त्यासाठी बटण नसतं?" मी विचारलं.

"असतं की. पण टेबल दर गावाला वेगळं. वायर हिच्याबरोबर राहते."

काकू खुर्चीत बसली. "इतकी वर्षं मी उलटी वायर घालून गायले, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. छान आहे असंही कधी म्हणाली नाहीस."

वायरचं वळण आता कानाच्या पुढे येत होतं. काकांनी केस वाळवायच्या यंत्राने ते गरम केलं, बोटांनी उलट्या बाजूला वळवलं आणि थंड होईपर्यंत धरून ठेवलं. मग नेलपॉलिशची बाटली मागितली. या वेळी ठिपके काकूने लावले.

काकूने पुन्हा फोन लावला. दुसरी गायिका अजून कुणी शोधलीच नव्हती. पण काकांना तिने अट घातली. "उद्या टेबलाशी तुम्ही उभं राहायचं."

"मला ऐकू येत नाही."

"मला येतं ना. तुम्ही बघा नुसतं."

दुसऱ्या दिवशी पडद्याआड काकांनी तिच्या मागे उभं राहून वायर कानांवरून घेतली. केस ओढला गेला, ती ओरडली. मग काका दाढीवाल्या ऑपरेटरशेजारी जाऊन उभे राहिले, यंत्र खिशात. मी त्यांच्या मागेच होते. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीनंतर काकूचं बोट सवयीने गळ्याकडे गेलं आणि मध्येच थांबलं. तिने टेबलाकडे बघितलं. हळूच पंजा उघडला आणि आडवा धरला. ओळीवर ओळ गात राहिली, पण पंजा खाली घेतला नाही. मला रडू आवरेना.

ऑपरेटरचा हात बटणाकडे गेला, तसं काकांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको!" ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. सगळ्या सभागृहाने माना वळवून त्यांच्याकडे बघितलं.