सगळ्यात धाकट्याने आधी बोलावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आणि ती तर माझ्या पोटातलं ओठावर यायच्या आत ओळखते!

आबा लष्करात वकील होते. माझ्या नात्यातले नव्हेत, पण सगळा गाव त्यांना आबाच म्हणे. निवृत्त होऊन धुळ्याजवळच्या आमच्या गावी आले आणि थेट लोकांच्या कामात पडले. बहात्तरच्या दुष्काळात गावाची पाणी समिती त्यांनी चालवली, तीही लष्करी कोर्टाच्या रिवाजाने — मत आधी सगळ्यात धाकट्याने द्यायचं. म्हणजे मोठ्यांच्या तोंडाकडे बघून कुणी बोलत नाही. धाकटा मी. नवाकोरा ओव्हरसियर, अक्कल बेताची, ऐट भरपूर.

डोंगराकडच्या वस्तीत विहीर खोदायची होती. आबांनी मला जागा बघून यायला सांगितलं. गेलो का मी? नाही हो! ऊन रणरणत होतं, आणि धुळ्याला नवा सिनेमा लागला होता.

बैठकीत आबा म्हणाले, "बोल भाऊ, आधी तू." आणि मी — काय सांगू — बेधडक म्हणालो, "जाऊन आलो, आबा. नुसता खडक आहे."

विहीर गावातच झाली. वस्तीतल्या बायका सबंध उन्हाळा नदीत झिरे उकरून हंडे वाहत राहिल्या. रोज माझ्या दारावरून जायच्या. मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी आबांनी स्वतः उभं राहून वस्तीत खोदकाम करवलं. "आबा, पानी गोड शे!" म्हणत एक म्हातारी चक्क नाचली. खडक? औषधालाही नव्हता! आबांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मेलो मी. वाटलं, आता समितीतून हाकलणार. छे! पुढच्या बैठकीत पुन्हा तेच — "बोल भाऊ, आधी तू."

तेव्हापासून न बघता मी कशावरही मत दिलं नाही. पण ती एक गोष्ट आबा जाईपर्यंत गिळून बसलो. भेकड होतो, दुसरं काय?

आता समितीत थोरला मी. रिवाज तोच. परवा नव्या टाकीची जागा ठरवायची होती आणि पहिली पाळी सगळ्यात धाकट्या सुनीताची होती — त्याच वस्तीतली, त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. मी म्हटलं, "बोल बेटा, आधी तू." ती उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, मी अजून जागा बघितली नाही. बघून येते, मग बोलते."

फार बरं वाटलं मला. एवढंच तर म्हणायचं होतं, आबा. मी गेलो नव्हतो.