पंधरा यार्ड आणि दुधीची भाजी

सगळं हॅमिल्टन स्कोअर बघत असताना फक्त खेळाडूंची डोकी बघत बसणारी बाई अख्ख्या कॅनडात एकच असेल, आणि ती माझी आत्या आहे. इथला फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी हेल्मेट घालून त्याच्यावर जाऊन आदळायचं, असा तो प्रकार. चेंडू कुठे आहे हे आत्याला कधीच ठाऊक नसायचं. चेंडू गेल्यानंतर कोण कुणावर आदळलं, एवढंच ती बघायची. नियमाबाहेरची धडक दिसली की रेफरी कमरेचं पिवळं फडकं मैदानात टाकतो. आत्याकडे तिचं स्वतःचं फडकं होतं, मुळात ओट्याचं, हळदीने पिवळं पडलेलं. ते रेफरीच्या आधी टीव्हीवर जाऊन आपटायचं. मग रेफरी शिक्षा जाहीर करायचा, की धडक मारणाऱ्याचा संघ पंधरा यार्ड मागे. "पंधरा यार्ड," आत्या म्हणायची. "डोकं फुटलं याचं, अन् हे मागं सरकून राहिले पंधरा यार्ड. आमच्या अमरावतीत रांगेत घुसला तरी याहून जास्त मागं पाठवतात."

यामागे कारण होतं. आत्या माझ्या बाबांची चुलत बहीण. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून इथे आली आणि रिटायर होईपर्यंत डोक्याला मार लागलेल्या पेशंटांच्या वॉर्डात राहिली. स्टीलच्या कारखान्यात पडलेले, मोटारसायकलवरून उडालेले, बर्फावर घसरलेले असे सगळे तिच्या हाताखालून गेले. स्वतःच्या बायकोला "आपण कोण?" विचारणारी माणसं तिने पाहिली होती. त्यामुळे सायकलवाला बिनहेल्मेटचा दिसला की ती गाडीची काच खाली करून त्याला थांबवायची आणि आपण कुठल्या वॉर्डात काम केलं ते सांगायची. लीगच्या ऑफिसला दर सीझनला तिचं एक पत्र जायचं. त्यात एकच मागणी असे. ज्याला लागलं तो जितके दिवस घरी बसेल, तितके दिवस मारणाऱ्यानेही घरी बसावं. उत्तर म्हणून एकदा हॅमिल्टनच्या संघाचं कॅलेंडर आलं. ते तिने लावलं, पण प्रत्येक फोटोतल्या खेळाडूच्या डोक्याभोवती लाल पेनाने गोल काढून.

मी मास्टर्स करायला पुण्याहून आले आणि आत्याच्या बेसमेंटमध्ये राहू लागले. डोळ्यांच्या उंचीवर जमीन असलेली एक खिडकी, वॉशिंग मशीन आणि मी. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडकीची खोली मात्र दिलेली होती. तिथे राहायचा एक फुटबॉलपटू. हो, खराखुरा, पैसे घेऊन खेळणारा. प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ सपाटीवरच्या, कुठल्याशा गावाचा, दारातून तिरका होऊन आत यावं लागेल एवढ्या खांद्यांचा. संघातल्या नव्या मुलांना घरं घेणं परवडत नसे, ती अशीच कुणाकुणाकडे खोल्या घेऊन राहत. त्याचं नाव काहीतरी होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे. आत्या त्याला सोन्या म्हणायची. मला ती "अगं ए" म्हणायची.

मला त्याचा हेवा वाटायचा, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. मी फक्त नोंदी ठेवायचे. त्याच्या पोळीवर तूप दोन चमचे, माझ्या पोळीवर "तुला चालतं का तूप?" त्याने गराजपुढचा बर्फ फावड्याने काढला की आत्या तीन जणांना फोन करून सांगे, मी तिन्ही पायऱ्यांवरचा काढला तर "घसरू नये म्हणून मीठ टाकलंस का?" मॅचच्या सकाळी ती त्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. तो गुडघ्यांवर बसून डोळे मिटून घ्यायचा, नाहीतर तिचा हात पोचत नसे. माझी परीक्षा असली की ती "ऑल द बेस्ट" म्हणायची. आणि तोही तिला आत्या म्हणायचा. त्याच्या तोंडी ते "आट्या" व्हायचं, आणि आत्या विरघळायची. मी वीस वर्षं बरोबर उच्चार करत होते, तर कुणी विरघळलं नव्हतं.

एकदाच मला वाटलं की आता याचं काही खरं नाही. त्याने एका मॅचमध्ये समोरच्या खेळाडूला हेल्मेटने धडक दिली आणि तो मुलगा उठेना. फडकं टीव्हीवर आपटलं. रेफरीने पंधरा यार्ड दिले, आत्याने दुधी दिला. सोन्याला दुधी अजिबात आवडत नसे. "तो पोरगा खेळायला लागेपर्यंत," आत्याने सांगितलं, "अन् रोज त्याची तब्येत विचारायची. फोन कर." कुणाकुणाकडून नंबर मिळवून त्याने खरंच रोज फोन केला आणि अकरा दिवस मान खाली घालून दुधी खाल्ला. अकरा दिवस मीही खाल्ला. मी कुणालाच धडक दिली नव्हती. बाराव्या दिवशी तो मुलगा मैदानावर दिसला आणि आत्याने रडत रडत पुरणपोळ्या केल्या. सोन्याने सात खाल्ल्या.

आता पाढ्यांबद्दल. सीझनच्या आधी संघाचे डॉक्टर खेळाडूंच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेत, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तर पुन्हा परीक्षा घेऊन ताडून बघता यावं. आत्या म्हणायची, "हे सगळे पहिल्या परीक्षेत मुद्दाम चुकतात. म्हणजे नंतर डोकं हललं तरी मार्क तेवढेच." म्हणून तिने स्वतःची परीक्षा काढली. सोन्याला मराठी पाढे शिकवले. तिचं शास्त्र असं, की डोक्याला धक्का बसला की नवीन शिकलेलं आधी सांडतं. मे महिन्यात बे एके बे पासून सुरू करून ती दोघं सातपर्यंत पोचली. प्रत्येक मॅचनंतर तो घरी आला की दारातच, बूट काढायच्या आधी, आत्या नुसता आकडा म्हणायची आणि तो पाढा म्हणायचा. "साट डुणे चौडा," असा, पण न अडखळता. मला सेव्हन टूज आर फोर्टीन येतं. मराठी पाढे मी कधी शिकले नाही. आमच्या शाळेत मराठी बोललं की रिमार्क मिळायचा. आत्याला हे कळल्यापासून पाढ्याच्या वेळी मी कपडे वाळवायच्या मशीनजवळ काम काढायला लागले.

ऑक्टोबरात घरच्या मैदानावर दुपारची मॅच होती. आम्ही दोघी घरी टीव्हीवर बघत होतो. चेंडू निघून गेलेला, सोन्या उभा, आणि बाजूने एक जण पूर्ण वेगाने येऊन हेल्मेटने त्याच्या हेल्मेटवर आदळला. आत्याने फडकं टाकलंच नाही. ती उभी राहिली. सोन्या पडला, उठला, हात हलवला, आणि भलत्याच संघाच्या बाकाकडे दोन पावलं चालला. मग वळला. पंधरा यार्ड. तो पुढे पूर्ण मॅच खेळला.

संध्याकाळी तो आधी मागच्या दाराने बेसमेंटमध्ये आला. मी अभ्यास करत होते. उजेड सोसवत नसल्यासारखे डोळे बारीक करून त्याने माझा टेबललॅम्प विझवला, सॉरी म्हणाला, आणि विचारलं, "सातचा पाढा कसा आहे? शेवटी शिकलेला तोच, ती तोच विचारणार. चौदाच्या पुढे काय?"

"मला येत नाही," मी म्हणाले.

"तुला येत नाही?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग त्याने पाकिटातून आत्याने इंग्रजी अक्षरांत लिहून दिलेला कागद काढला आणि माझ्याच निळ्या पेनाने डाव्या तळव्यावर उतरवायला लागला. अक्षरं वाकडी येत होती. "तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी दोन आठवडे बसलो तर माझी जागा दुसऱ्याला देतील. तो खेळला की संपलं. प्लीज."

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मी नेहमीच असं करते. तो बाहेरून फिरून पुढच्या दाराने आला. मी कपड्यांची बास्केट घेऊन जिन्यात उभी होते.

"सात," आत्या म्हणाली.

त्याने डोकं खाजवल्यासारखं करून डावा हात चेहऱ्यासमोर आणला आणि पूर्ण पाढा म्हटला. एकही चूक नाही. आत्याचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तिने त्याच्या उजव्या हातात बेसनाचा लाडू ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "शाब्बास माझ्या सोन्या. जीव भांड्यात पडला बाप्पा." मग तिला मी दिसले. "पाहा गं. शीक काही. मराठी आईबापाची पोर तू, अन् पाढे हा म्हणून राहिला."

"त्याचा डावा हात बघ," मी म्हणाले.

मला त्या क्षणी त्याच्या डोक्याची काळजी नव्हती. हे मी आज स्पष्ट लिहू शकते. वॉर्ड, धडका, नियम, काहीही मनात नव्हतं. त्याचा लाडू परत घेतला जावा, एवढंच होतं.

आत्याने त्याची मूठ उघडली. ती रागावली नाही. तिने दिवा विझवला, त्याला पायरीवर बसवलं आणि त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात विचारलं, "व्हॉट डे इज इट, सोन्या?" तो बराच वेळ विचार करून "जून," म्हणाला. मग तिने संघाच्या डॉक्टरला फोन केला. तिचं ते इंग्रजी मी कधी ऐकलं नव्हतं. वॉर्डमधलं असावं. त्यात सॉरी नव्हतं, प्लीज नव्हतं, आणि पलीकडचा माणूस मध्ये बोलू शकत नव्हता.

तो त्या सीझनला परत खेळला नाही. डोकेदुखी डिसेंबरपर्यंत टिकली. त्याची जागा दुसऱ्याला मिळाली आणि तो दुसरा चांगला खेळला. ज्याने धडक मारली होती तो पुढच्याच मॅचला मैदानात होता. आत्याने पाठवलेल्या पत्राला या वेळी कॅलेंडरही आलं नाही. वसंतात संघाने सोन्याला बोलावलं नाही. सामान बांधताना तो मला म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, तशाच डोक्यावर दुसरी धडक बसली असती तर फार वाईट झालं असतं. थँक यू." मी "इट्स ओके" म्हणाले. तो आता गावच्या शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो. चेंडू गेल्यावर कुणी कुणाला हात लावायचा नाही, असा त्याचा कडक नियम आहे म्हणे.

आता मीही नोकरीला लागले आहे, हॅलिफॅक्सला. आत्याकडे वर्षातून एकदा जाते. ती मला महाराष्ट्र मंडळात घेऊन जाते आणि नव्याने आलेल्या कुणालातरी धरून ती गोष्ट सांगते. माझी ओळख आता अशीच करून दिली जाते. दर वर्षी गोष्ट थोडी लांबते. तिच्या गोष्टीत मी बेसमेंटमध्ये तासभर तळमळत बसते, मैत्री मोठी की जीव मोठा याचा विचार करते, आणि शेवटी थरथरत जिना चढून येते. "बोलत नाही फारशी," आत्या म्हणते आणि माझ्या पाठीवर हात ठेवते, "पण आमच्या सोन्याचं डोकं हिनं वाचवलं. मी तर चष्मा विसरली होती. हिचं लक्ष होतं."

खरं काय ते सांगायचं मी दर वर्षी ठरवते. पण तो हात पाठीवर असतो, आणि मी ऐकत राहते. तिच्या गोष्टीतली ती मुलगी फार चांगली आहे. आत्याचा तिच्यावर इतका जीव आहे, की मला तिचा हेवा वाटतो.